मराठवाड्यात राहून धोरण अभ्यासक होता येईल का?

मांजराकाठची (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. माझे वय २४ असून मी परभणीच्या कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. कृषी पदवीधर आहे. पदवीनंतर दोन वर्षे लातूरमध्ये खोली घेऊन राज्यसेवेची तयारी केली. पूर्व परीक्षा एकदा उत्तीर्ण झाले, मुख्य परीक्षेत थोड्या गुणांनी राहिले. आमचे गाव लातूर जिल्ह्यातच आहे. घरी साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि वडील वर्षानुवर्षे सोयाबीन व तूर घेत आले आहेत.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मी शाळेत होते आणि मावशीकडे शहरात राहत होते. टँकरच्या रांगेत मावशीच्या आणि माझ्या मिळून सहा घागरी लावलेल्या असत. त्या रांगेत उभी असताना मला पहिल्यांदा जाणवले की पाऊस कमी पडला हे खरे असले तरी तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. धरणातले पाणी आधी कोणाला आणि नंतर कोणाला द्यायचे हे कोणीतरी, कोणत्या तरी कागदावर ठरवलेले असते. राज्यसेवेचा अभ्यास करताना मला पदापेक्षा या कागदांचीच ओढ अधिक आहे, हे आता माझ्या लक्षात आले आहे.

म्हणून विचारते. धोरण अभ्यासक म्हणून काम करणारी माणसे दिवसभर नेमके काय करतात? त्यासाठी दिल्ली किंवा बंगळूरूची पदवी लागतेच का, की कृषीची पदवी आणि गावाची ओळख यांनाही तिथे काही किंमत आहे? माझे सगळे शिक्षण कृषीची पुस्तके सोडली तर मराठीतून झाले आहे. इंग्रजी वाचता येते, लिहिताना अडखळते. मराठवाड्यात राहून हे काम होऊ शकते का? आणि घरी काय सांगावे? वडिलांना तहसीलदार कळतो, कृषी अधिकारी कळतो. "धोरण अभ्यासक" म्हणजे कोण, हे मला त्यांना अजून समजावून सांगता आलेले नाही.

बालाघाट:

ताई, मी मूळचा बीड जिल्ह्यातला असून गेली अकरा वर्षे पुण्यातील एका संशोधन संस्थेत शेतीविषयक धोरणांवर काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण बहुतेक जणांचा गोंधळ तिथेच होतो.

आमचे काम मते मांडण्याचे आहे असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात आठवड्यातील बराचसा वेळ एखादा नियम मूळ मजकुरात वाचण्यात, त्या नियमाप्रमाणे आकडेमोड करून पाहण्यात आणि ती आकडेमोड गावात खरी ठरते का हे तपासण्यात जातो. तुमच्या घरचेच उदाहरण घेऊ. पीक विम्यात भरपाई मिळण्यासाठी महसूल मंडळाचे, म्हणजे काही गावांच्या गटाचे, त्या वर्षीचे सरासरी उत्पन्न "उंबरठा उत्पन्ना"पेक्षा कमी भरावे लागते. उंबरठा काढण्याची रीत अशी की मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. आपल्याकडे हा स्तर ७० टक्के धरला जातो. आता समजा, एका मंडळात सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न १४, १५, १३, ६, ५, १४ आणि ४ क्विंटल असे आहे. उत्तम पाच वर्षे म्हणजे १५, १४, १४, १३ आणि ६. त्यांची सरासरी १२.४ आणि तिचे ७० टक्के म्हणजे ८.६८ क्विंटल. या वर्षी उत्पन्न ७ क्विंटल आले तर तूट ८.६८ वजा ७, म्हणजे १.६८ क्विंटल, आणि भरपाई विमा संरक्षित रकमेच्या सुमारे १९ टक्के (तूट भागिले उंबरठा). शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र १४ क्विंटलचे वर्ष असते आणि त्याच्या हिशोबाने निम्मे पीक गेलेले असते.

या सूत्रात कोणी लबाडी केलेली नाही. सातपैकी दोन वाईट वर्षे वगळण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली आहे. पण ज्या प्रदेशात सात वर्षांत तीन वर्षे दुष्काळाची किंवा अतिवृष्टीची असतात, तिथे तिसरे वाईट वर्ष सरासरीत शिरते आणि उंबरठा खाली ओढते. म्हणजे ज्याला विम्याची गरज सर्वांत जास्त, त्याचेच संरक्षण पातळ होत जाते. ही गोष्ट ओळखणे, ती किती मंडळांत खरी आहे हे मोजणे, उंबरठा काढण्याची दुसरी रीत सुचवणे आणि त्या रीतीने शासनावर अनुदानाचा बोजा किती वाढेल ते सांगणे, हे सगळे मिळून धोरण अभ्यासकाचे काम होते. "विमा कंपन्या लुटतात" एवढे म्हणून थांबणाऱ्याचे काम तेवढ्यापुरतेच राहते.

पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. मी एका विषयावर बारा पानांचे टिपण तयार केले होते आणि त्यात गावोगावच्या हकिगती अतिशय तळमळीने लिहिल्या होत्या. बैठकीतल्या अधिकाऱ्यांनी ते शांतपणे वाचले आणि तीन प्रश्न विचारले. हा बदल मार्गदर्शक सूचनांच्या कोणत्या परिच्छेदात करायचा? खर्च किती? तो अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे कोणत्या खात्यातून, भागवायचा? माझ्याकडे तिन्हींचे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून कोणतेही टिपण लिहायला घेताना मी हे तीन प्रश्न पहिल्या पानावर लिहितो आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत दुसरे पान उघडत नाही.

गावाच्या ओळखीला किंमत आहे, आणि ती मोठी आहे. पेरणीनंतर पावसाने एकवीस दिवस ओढ दिली तर हलक्या रानातले सोयाबीन कसे दिसते हे तुम्ही पाहिलेले आहे. ते पुस्तकातून कळत नाही. मात्र आपले गाव म्हणजे मराठवाडा नव्हे, याचे भान ठेवावे लागते. मांजरा खोऱ्यातल्या उसाच्या पट्ट्याचा प्रश्न वेगळा, माझ्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न वेगळा आणि पैठणच्या खालच्या कालव्यावर टेलला (शेवटाला) असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा.

तुळजापूरची माजी विद्यार्थिनी:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी शिक्षण आणि पैसा या दोन गोष्टींविषयी लिहिते, कारण घरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तिथेच असतात.

दिल्लीला जावेच लागते असे नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर तुळजापुरात १९८६ पासून आहे, म्हणजे तुमच्या जिल्ह्याला लागूनच. मी तिथे शिकले. तिथले क्षेत्रकार्य हे खरे शिक्षण आहे. आठवड्यातले ठरावीक दिवस गावात काढल्याशिवाय आणि त्यांची नोंद लिहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. धाराशिव हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांपैकी एक असल्यामुळे जिल्हा प्रशासन आकड्यांवर कसे चालते हेही जवळून दिसले. अर्थशास्त्राचा पाया पक्का करायचा असेल तर पुण्याची १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. बंगळूरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी आहे, आणि अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार शुल्कात मोठी सवलत मिळते, म्हणून शेतकरी कुटुंबातील मुलींनी तिथे अर्ज अवश्य करावा. पदवीचे नाव काय आहे यापेक्षा अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि सार्वजनिक वित्त हे विषय आहेत का, ते आधी पाहा. हे दोन विषय नसलेली धोरणाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माझ्या ओळखीच्या दोघींना नंतर पुन्हा शिकावे लागले.

पदवीआधी काम करून पाहायचे असेल तर तुमच्या वयाला दोन दारे अजून उघडी आहेत आणि दोन्ही लवकर बंद होतील. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, मध्ये काही वर्षे थांबली आणि २०२३ पासून पुन्हा चालू झाली. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के गुण, एक वर्षाचा अनुभव आणि मराठीचे चांगले ज्ञान अशा तिच्या अटी राहिलेल्या आहेत. तुमची अडचण अनुभवाच्या वर्षाची असेल, म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा एखाद्या पाणलोट प्रकल्पात आजच वर्षभराचे काम धरा आणि अनुभवाचा दाखला व्यवस्थित घ्या. दुसरे दार दिल्लीच्या पीआरएस या संस्थेच्या फेलोशिपचे आहे. त्यात पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत राहून प्रश्न, भाषणे आणि विधेयकांवरील टिपणे तयार करावी लागतात. तिथे वयाची अट पंचविशीच्या आसपास असते, त्यामुळे पुढची जाहिरात निघताच ती काळजीपूर्वक वाचा.

आता पैशाचे. या क्षेत्रातील सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. माझी पहिली नोकरी अठरा महिन्यांची होती, पगार दरमहा सव्वीस हजार होता आणि प्रकल्प संपल्यावर मी चार महिने घरी बसले. त्या चार महिन्यांत आईने एकदाही टोकले नाही, पण सोयरिकीच्या बोलण्यांमध्ये माझ्या नोकरीचे नाव घेताना ती अडखळायची हे मला दिसायचे. आज परिस्थिती बरी आहे, तरीही सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय मी नवा करार स्वीकारत नाही. तुम्हालाही हे आधीच माहीत असावे, म्हणून लिहिले. घरी मात्र "सरकारी योजना गावापर्यंत नीट पोहोचते का हे तपासून तिच्यात दुरुस्ती सुचवण्याची नोकरी" असे सांगा. माझ्या वडिलांना हे वाक्य लगेच समजले आणि त्यांनी पहिला प्रश्न विहिरीच्या अनुदानाचा विचारला.

निवृत्त सांख्यिकी सहायक, परभणी:

मुली, तुझा प्रश्न वाचून आनंद झाला. माझी सारी नोकरी आकडे गोळा करण्यात आणि ते पडताळण्यात गेली, म्हणून त्याच बाजूने चार गोष्टी सांगतो.

आपल्या विभागाच्या धोरणाचा इतिहास "अनुशेष" या एका शब्दात सामावलेला आहे आणि तो शब्द कसा मोजला गेला हे समजून घेतल्याशिवाय मराठवाड्याविषयी काहीही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याची सरासरी ही पातळी धरून, रस्ते, सिंचन, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा तिच्यापेक्षा किती मागे आहे हे समितीने काढले. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल देऊन हा प्रश्न पुन्हा वेगळ्या अंगाने मांडला.

यातली शिकण्याची गोष्ट अशी की अनुशेष दोन प्रकारे मोजतात, भौतिक आणि आर्थिक. सिंचनाखाली आणायचे राहिलेले क्षेत्र हा भौतिक अनुशेष आणि त्यासाठी त्या वेळच्या दराने लागणारी रक्कम हा आर्थिक अनुशेष. रक्कम खर्च झाली की कागदावर आर्थिक अनुशेष संपतो, पण मधल्या वर्षांत सिमेंटचे आणि भूसंपादनाचे दर वाढलेले असतात, त्यामुळे रान कोरडेच राहू शकते. भाषणात "अनुशेष संपला" आणि "अनुशेष वाढला" अशी दोन्ही वाक्ये एकाच वर्षी ऐकायला मिळतात आणि दोन्ही बोलणारे आपापल्या मापाने बरोबर असतात. कोणते माप वापरले हे विचारण्याची सवय तुला आजपासून लागली पाहिजे.

वाचनासाठी पैसे लागत नाहीत. प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रसिद्ध करते. लातूरचे मागील दहा अंक काढ आणि एकच तक्ता दहा वर्षांचा लावून बघ. शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात. ते वाचताना आधी "वाचा" या शीर्षकाखाली दिलेले जुने संदर्भ पाहावेत, कारण तिथून एखाद्या योजनेची वंशावळ लागते. महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि विधिमंडळातील तारांकित प्रश्नांची उत्तरे हीही सोन्यासारखी सामग्री आहे. जे मिळत नाही ते माहिती अधिकारात माग, पण अर्जात "संपूर्ण माहिती द्यावी" असे कधीही लिहू नकोस. कोणती नोंदवही, कोणते वर्ष, कोणते मंडळ, असे नेमके लिही.

मराठीतून शिक्षण झाल्याची खंत बाळगू नकोस. तलाठ्याची नोंद, ग्रामसभेचा ठराव आणि शासन निर्णय ही सगळी मराठीच आहेत. इंग्रजी लेखन वर्षभरात सुधारते. रोज एक पान लिहून कोणाकडून तरी तपासून घे.

पैठण कालवा, टेल:

एक गोष्ट जोडतो. माझे शेत डाव्या कालव्याच्या शेवटाला आहे आणि पाणी वापर संस्थेचे काम पाहतो. जायकवाडीच्या, म्हणजे पैठणच्या धरणाच्या, वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न दरवर्षी वर्तमानपत्रात आंदोलनाच्या बातमीसारखा येतो. पण त्याचे मूळ २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात, कलम १२ मध्ये आहे. तुटीचे वाटप खोऱ्यातल्या सर्वांमध्ये समन्यायी पद्धतीने व्हावे असे ते कलम सांगते. मेंढेगिरी समितीने त्यासाठी कोष्टक तयार केले आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला. खरिपातील वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हे त्यात ठरले. म्हणजे कलम आल्यापासून ते आकड्यात उतरेपर्यंत नऊ वर्षे गेली. त्या नऊ वर्षांत आम्ही मोर्चे काढले, आणि काढायलाच हवे होते, पण कलमाचे कोष्टक करणारी माणसे आमच्याकडे कमी होती. ताई, तुम्ही हे काम शिकून इकडे राहणार असाल तर आमच्यासारख्या संस्था पगार फारसा देऊ शकणार नाहीत, मात्र काम भरपूर देतील.

मांजराकाठची:

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये सोयाबीनची काढणी होती आणि मी आपण सर्वांनी सांगितलेले थोडे करून पाहायचे ठरवले होते.

आमच्या गावात पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरावीक तुकड्यातले पीक कापून उत्पन्न मोजणे, होणार असल्याचे कळताच मी कृषी सहायकांना विचारून तिथे जाऊन उभी राहिले. यादृच्छिक पद्धतीने आलेला गट क्रमांक आमच्या वाडीच्या खालच्या अंगाचा निघाला. शेताच्या कोपऱ्यापासून पावले मोजून त्यांनी दोरीने आयत आखला, चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या आणि आतली झाडे कापून ताडपत्रीवर मळली. दोरीवर नेमके आलेले झाड आत धरायचे की बाहेर, यावर दोन मिनिटे चर्चा झाली. ज्याचे बूड आत ते आत, असे ठरले. दाणे वाऱ्यावर उपणून पिशवीत भरले आणि ताणकाट्याला लावले तेव्हा शेतमालक, विमा कंपनीचा प्रतिनिधी, सहायक आणि मी असे सगळेच काट्याकडे पाहत होतो. दाणे ओलसर होते. आकडा मोबाइलमध्ये भरला गेला आणि फोटो काढला. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विम्याची सोय राहिली नाही आणि भरपाईही मंडळाच्या उत्पन्नावर ठरू लागली, ज्यात हे आकडेही धरले जातात. त्यामुळे त्या काट्यावरच्या काही ग्रॅमना केवढे वजन आहे हे मला तिथे उभे राहून कळले.

बालाघाट सरांच्या रीतीने मी आमच्या मंडळाचा उंबरठा काढण्याचा प्रयत्न केला आहे. सात वर्षांपैकी पाच वर्षांचे आकडे तालुका कार्यालयात पाहायला मिळाले, उरलेल्या दोन वर्षांसाठी काकांनी सांगितल्याप्रमाणे वर्ष, मंडळ आणि नोंदवही लिहून माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे. वडिलांना मी ताईंचे वाक्य सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "ओल्या दाण्याचं वजन वाळल्यावर किती उतरतं, ते धरतात का?" मला उत्तर देता आले नाही. दोन पानांचे टिपण मी आपणा सर्वांना वैयक्तिक संदेशाने पाठवले आहे. त्यात चुका असतील त्या मोकळेपणाने दाखवाव्यात.

बालाघाट:

टिपण वाचले. सरासरी काढताना तुम्ही सात वर्षांतली वाईट दोन वगळण्याऐवजी उपलब्ध पाचच वर्षे उत्तम म्हणून धरली आहेत; उरलेले दोन आकडे हाती आल्याशिवाय उंबरठा लिहू नका, तोपर्यंत तो रकाना रिकामा ठेवा. दुसरे पान जवळजवळ सगळे कापणीच्या वर्णनाचे आहे. ते चांगले आहे, पण त्यातले दोरीवरचे झाड आणि ओले दाणे एवढेच ठेवा. वडिलांनी विचारलेला ओलाव्याचा प्रश्न टिपणात कुठेच नाही, तो पहिल्या पानावर आणा. ओला माल आणि वाळलेला माल यांतील फरक कसा धरायचा याची रीत प्रयोगाच्या सूचनांमध्ये शोधा आणि ती त्या दिवशी पाळली गेली का ते सहायकांना विचारा. सुधारलेली प्रत पुढच्या रविवारपर्यंत पाठवा. मी त्याच दिवशी बसून पाहतो.